होळी ते पाडवा: घरातलं कुत्रं, मांजर आणि तापत चाललेलं ऊन

लातूरहून एका ताईंनी विचारलं आहे: घरात आठ महिन्यांचा लॅब्राडॉर आहे आणि रस्त्यावरून उचलून आणलेली दीडेक वर्षाची मांजरी आहे. नव्या घरातला हा पहिला पाडवा, त्यामुळे रंग, गुढी, गच्चीवर फुलांच्या कुंड्या असं सगळं हौसेनं करायचं आहे. त्यातच कुत्र्याच्या कानात गोचिडी दिसायला लागल्या आहेत. शेजारी म्हणतात, उन्हाळ्याआधी केस पूर्ण उतरवून टाका. सासूबाई म्हणतात, कडुलिंबाच्या पाण्यानं आंघोळ घाला. या दिवसांसाठी काय काय विकत आणून ठेवू, याची यादी त्यांना हवी आहे.

ताई, यादी छोटी आहे, ती आधीच सांगून टाकते. एक डिजिटल थर्मामीटर (माणसांचा चालतो, पण मग तो प्राण्यांसाठीच ठेवायचा), बारीक टोकाचा चिमटा, पाण्याची दोन-तीन पसरट जड भांडी, केस विंचरायचा चांगला ब्रश आणि डॉक्टरांनी वजन करून लिहून दिलेलं गोचिडींचं औषध. बाकी दुकानात 'समर स्पेशल' म्हणून जे मिळतं, त्यातलं बहुतेक नसलं तरी चालतं. मी मराठवाड्यात गुरांचं आणि घरातल्या प्राण्यांचं डॉक्टरी काम करते आणि दर फाल्गुन-चैत्रात जे प्राणी माझ्या टेबलावर येतात, त्यांच्या घरी वस्तूंची कमतरता क्वचितच असते. या पाच-सहा आठवड्यांत घरात काय काय बदलतंय, याकडे मात्र कुणाचं लक्ष गेलेलं नसतं.

आपल्याकडे वसंत म्हणजे थंडी आणि उन्हाळ्याच्या मधली एवढीशी फट. माळावर पळस पेटलेला असतो, आंब्याला मोहर असतो, पहाटे पांघरूण लागतं आणि दुपारी पंखा. याच दिवसांत होळी येते, पाच दिवसांनी रंगपंचमी, होळीनंतर पंधरा दिवसांनी पाडवा. रब्बीची ज्वारी आणि गहू घरात येतो, वर्षाचं धान्य भरलं जातं, कोपरे झाडले जातात, कूलर खाली उतरतो, कुंड्यांची माती बदलली जाते. प्रत्येक गोष्टीबरोबर घरात काहीतरी नवं येतं आणि ते जमिनीपासून फूटभर उंचीवर, म्हणजे बरोबर कुत्र्याच्या तोंडाशी ठेवलं जातं.

काय किती लागू होईल हे तुमच्या घरावर अवलंबून आहे. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट असेल तर गोचिडींचा त्रास मर्यादित राहतो, पण खिडक्यांना जाळ्या हव्यात. बैठं घर असेल, अंगण असेल, मागे वावर असेल तर गोचीड, साप आणि कुसळं तिन्ही आली. मांजरी बाहेर जाते की घरातच असते, यानंही बराच फरक पडतो. तुम्ही तेवढं लिहिलेलं नाही, म्हणून मी बैठं घर आणि बाहेर फिरणारी मांजरी धरून सांगते. तुमच्या घरात कुत्रं आणि मांजर दोन्ही आहेत, ही गोष्ट मात्र पुढच्या जवळजवळ प्रत्येक सल्ल्यात महत्त्वाची ठरते.

सुरुवात गोचिडींपासून करू, कारण बाकी सगळ्यापेक्षा ते काम आज करायचं आहे.

कुत्र्याच्या कानात चार गोचिडी दिसल्या याचा अर्थ घरात चारच आहेत असा होत नाही. कुत्र्यांवरची ही तपकिरी गोचीड आयुष्याचा मोठा भाग कुत्र्यावर नसतेच. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी खाली पडते, भिंतीची भेग, दाराची चौकट, पलंगाचा सांधा, कूलरचा स्टँड असं कोरडं, अंधारं ठिकाण शोधते आणि तिथे हजारोंनी अंडी घालते. त्यातून मोहरीपेक्षा बारीक पिल्लं निघतात, कुत्र्यावर चढतात, रक्त पिऊन उतरतात, कात टाकतात, पुन्हा चढतात. मोठी होईपर्यंत हे असं तीनदा होतं. उबदार हवेत अंड्यापासून मोठ्या गोचिडीपर्यंतचा फेरा साधारण दोनेक महिन्यांत पुरा होतो. म्हणजे फाल्गुनातल्या चार गोचिडींची लेकरं-नातवंडं तुम्हाला वैशाखात भिंतीवर चढताना दिसणार. 'एवढी औषधं मारली तरी जात नाहीत' अशी तक्रार घेऊन लोक मे महिन्यात येतात, तेव्हा खरी वेळ मार्चमध्येच निघून गेलेली असते.

म्हणून काम दोन्हीकडे एकदम करायचं. कुत्र्यासाठी सध्या सगळ्यात खात्रीच्या म्हणजे तोंडानं द्यायच्या गोळ्या. काही महिनाभर काम करतात, काही बारा आठवडे. वजनाप्रमाणे गोळी बदलते, आणि ज्या कुत्र्याला कधी झटके आले असतील त्याला ती देण्याआधी डॉक्टरांना तसं सांगणं गरजेचं असतं. गोळीचा मोठा फायदा असा की अंगावर काही लावलेलं नसतं, त्यामुळे मांजरीनं कुत्र्याला चाटलं किंवा ती त्याला बिलगून झोपली तरी धोका नाही. तुमच्या घरासाठी मी हाच मार्ग निवडेन. घराच्या बाजूनं म्हणाल तर कुत्र्याचं अंथरूण आठवड्यातून एकदा गरम पाण्यात धुवा आणि कडक उन्हात टाका. गोणपाट वापरत असाल तर जाळून टाका, त्याच्या विणीत अंडी लपतात. भिंतीच्या भेगा सिमेंटनं किंवा पुट्टीनं बुजवा. नव्या घरात हे काम लहान असतं, तेवढा तुमचा फायदा.

अंगावरची गोचीड काढताना चिमटा कातडीला अगदी टेकवून धरायचा आणि सरळ वर ओढायचं. रॉकेल ओतणं, उदबत्तीनं चटका देणं, नखानं चिरडणं यातलं काही करू नका. डिवचलेली गोचीड पोटातलं रक्त परत जखमेत सोडू शकते, आणि रोग त्यातूनच जातो. काढलेल्या गोचिडी साबणाच्या पाण्यात टाका.

आता सर्वांत महत्त्वाचं. कृषी सेवा केंद्रात गुरांवर मारायचं गोचिडींचं औषध मिळतं आणि आपल्याकडे घरोघरी गोठ्यासाठी आणलेली बाटली असतेच. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन, अमिट्राझ अशी नावं त्यावर असतात. ते अंदाजानं पाण्यात कालवून कुत्र्याला त्यानं आंघोळ घालतात. कुत्र्यालाही त्यानं विषबाधा होते, पण मांजरीच्या बाबतीत ते जिवावरच बेततं. परमेथ्रिन आणि त्या जातीची औषधं मांजराच्या यकृताला नीट पचवून बाहेर टाकता येत नाहीत, ती रक्तात साचत जातात. मग अंग थरथरतं, लाळ गळते, झटके येतात. कुत्र्यासाठीचे मानेवर सोडायचे काही थेंबही परमेथ्रिनचेच असतात. पाकिटावर मांजराच्या चित्रावर फुली असेल तर ते पाकीट तुमच्या घरात येऊच देऊ नका. मांजरीसाठी वेगळे, मांजराचं नाव लिहिलेले थेंब मिळतात, तेच वापरा.

सासूबाईंच्या कडुलिंबाच्या पाण्यानं कुत्र्याचं काही वाईट होत नाही, खाज थोडी शमते. मात्र चिकटलेली गोचीड त्यानं मरत नाही आणि भेगेतल्या अंड्यांना तर ते पोचतच नाही. आंघोळ जरूर घाला, औषधही द्या. कडुलिंबाचं निव्वळ तेल मात्र मांजरीला लावू नका. ती सगळं चाटते आणि त्यानं आजारी पडते.

एवढं सगळं गोचिडीच्या तापासाठी. एर्लिकिया आणि बबेसिया हे दोन रोग आपल्या भागात मी सतत पाहते. कुत्रं दोन दिवस मलूल पडतं, खात नाही, अंग तापतं. मग हिरड्या पांढुरक्या होतात, पोटावर लाल ठिपके उठतात, नाकातून रक्त येतं किंवा लघवी चहासारखी होते. यातलं एकही चिन्ह दिसलं तर 'ऊन लागलं असेल' म्हणून थांबू नका, त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. एर्लिकियावर सहसा डॉक्सिसायक्लिन चालतं आणि ते साधारण चार आठवडे द्यावं लागतं. बबेसियाचं औषध वेगळं असतं. चार-पाच दिवसांत कुत्रं पोळी खायला लागतं आणि घरचे गोळ्या बंद करतात. मग तोच रोग काही महिन्यांनी रक्त सुकवून परत येतो, तेव्हा तो आटोक्यात आणणं फार अवघड होतं. सुरू केलेला कोर्स पुरा करा, हात जोडून सांगते.

आता ऊन. मार्चअखेर आपल्याकडे दुपारचा पारा 38–40 अंशांच्या घरात जातो. उष्माघाताचे कुत्रे माझ्याकडे मे महिन्यातच येतात असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात मला जास्त धास्ती असते ती पहिल्या तापलेल्या दिवसांची. शरीराला उन्हाची सवय व्हायला दोनेक आठवडे लागतात. काल रात्रीपर्यंत थंडी होती, आज दुपारी चारला लेकरं चेंडू घेऊन निघतात आणि लॅब्राडॉर तर चेंडू म्हटलं की मरेपर्यंत धावणारा. त्याला घाम येतो तो फक्त पायांच्या गाद्यांना. बाकी सगळी उष्णता तो धापा टाकून बाहेर काढतो, आणि बाहेरची हवाच तापलेली असली की धापांचा उपयोग होत नाही. फिरायला सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर न्या. रस्त्यावर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला टेकवत नसेल तर त्याच्या पायांनाही सोसणार नाही. हवा 35 अंश असली तरी भर उन्हातलं डांबर सहज 50 च्या पुढे जातं. पग, पर्शियन मांजर असले चपट्या नाकाचे प्राणी ज्यांच्याकडे असतील त्यांनी याच्या दुप्पट जपावं.

शेजाऱ्यांचं ऐकून केस उतरवू नका. लॅब्राडॉरच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. आतला मऊ थर थंडीत ऊब धरतो आणि उन्हाळ्यात बाहेरची धग कातडीपर्यंत येऊ देत नाही. जुन्या माळवदाच्या घरात दुपारी गार का वाटतं हे लातूरकरांना सांगायला नको, तसंच ते आहे. तासून टाकला तर कातडी भाजते, आणि पॉमेरेनियन, हस्की यांचे केस तर कित्येकदा पूर्वीसारखे परत येतही नाहीत. या दिवसांत आतला मेलेला थर आपोआप गळतो, तो रोज दहा मिनिटं ब्रशनं काढा. घरभर केस उडणं कमी होतं, हवा खेळते आणि विंचरता विंचरता गोचीडही सापडते. शिह त्झूसारख्या सतत केस वाढणाऱ्या कुत्र्यांचे केस आखूड करायला हरकत नाही, पण ते कातरायचे, वस्तरा फिरवायचा नाही.

पाण्याचं गणित सोपं आहे: कुत्र्याला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण 50–60 मिलि लागतं. पंचवीस किलोचा लॅब्राडॉर असेल तर सव्वा ते दीड लिटर, तापलेल्या दिवशी आणखी जास्त. लातूरनं 2016 साली मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी पाहिलं आहे. घरोघरी साठवणीचे ड्रम आणि हौद आहेत, आणि ते असणारच. त्यांना झाकण घट्ट ठेवा, तहानलेली मांजरं काठावरून वाकून आत पडतात आणि गुळगुळीत भिंतीवरून वर येऊ शकत नाहीत. मांजर मुळात कमी पाणी पिणारं जनावर. तिचं भांडं जेवणाच्या ताटलीपासून लांब, दोन-तीन ठिकाणी ठेवा. ज्यांच्याकडे बोका आहे त्यांनी एक लक्षात ठेवावं: बोका वारंवार मातीत बसतो, कण्हतो आणि लघवी होत नाही असं दिसलं तर तो तातडीचा प्रसंग आहे. एक दिवस वाट बघणं त्याला महागात पडतं.

उष्माघात ओळखायचा कसा? धाप थांबत नाही, लाळ दाट आणि चिकट होते, हिरड्या लालभडक दिसतात, चाल डगमगते, मग उलटी, झटके, कोसळणं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं. 105 च्या पुढे गेलं तर एकेक मिनिट मोलाचं. सावलीत न्या, अंगावर साधं नळाचं पाणी भरपूर ओता, पंखा लावा आणि पारा 103 वर आला की पाणी ओतणं थांबवा. बर्फाचं पाणी नको, ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवणंही नको, त्याखाली वाफ कोंडते. आधी गार करायचं आणि मग गाडीत घालायचं, गाडीत खिडक्या उघड्या. शुद्धीत असेल तर पाणी समोर ठेवा, बळजबरीनं तोंडात ओतू नका.

होळीबद्दल. होळीच्या मधोमध एरंडाची फांदी रोवायची पद्धत बऱ्याच गावांत आहे. एरंडाच्या बिया कुत्र्यानं चावून खाल्ल्या तर त्यातलं रिसिन आतडी जाळतं आणि रक्ताची हगवण लागते. अंगणात फांदी आणाल तेव्हा शेंगांचे घोस काढून टाका. हीच गोष्ट कुंड्यांची. पाडव्याआधी माती बदलताना लोक एरंडीची पेंड आणि हाडांचा चुरा घालतात. कुत्र्याला तो वास आवडतो, तो कुंडी उकरून पोटभर खातो. तुमच्या गच्चीत शेणखत किंवा गांडूळखत वापरा, पेंड नकोच. दुसऱ्या दिवशी होळीची राख वरून थंड दिसते आणि आत निखारे असतात, तिथे कुत्र्याला मोकळं सोडू नका.

रंगाच्या दिवशी दोघांना आतल्या खोलीत ठेवा, पाणी आणि ओळखीचं अंथरूण द्या. रंग कातडीला लागण्यापेक्षा चाटण्यातून जास्त पोटात जातो आणि मांजर तर अंगावरचा प्रत्येक कण चाटून काढते. कोरडा रंग लागला तर आधी ब्रशनं झाडा, मग साध्या पाण्यानं आणि प्राण्यांच्या शाम्पूनं धुवा. डोळ्यांत गेला तर स्वच्छ पाण्याची धार सोडत राहा. रॉकेल, स्पिरिट, थिनर यानं रंग काढायला जाऊ नका. लेकरांना प्राण्यांबरोबर रंग खेळायचाच असेल तर पळसाची फुलं रात्रभर भिजवून त्याच्या केशरी पाण्याचे दोन थेंब कुत्र्याच्या पाठीवर लावा. तेवढी हौस पुरते.

पुरणपोळीचा एक तुकडा तोंडात गेला म्हणून काही होत नाही. तुपात बुडवलेल्या तीन पोळ्या आणि वर कटाची आमटी मात्र त्रास देते. तुपानं स्वादुपिंडाला सूज येते, आणि आमटीतला कांदा-लसूण कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या पेशी फोडतो. मांजराला तर तो अगदी थोडासा पोटात गेला तरी बाधतो. याच दिवसांत बाजारात द्राक्षं स्वस्त होतात आणि घरात पेटीच्या पेटी येते. द्राक्षं, मनुका, बेदाणे कुत्र्याला एकही देऊ नका. काही कुत्र्यांची किडनी थोड्याशा द्राक्षांनीही बंद पडते आणि कुणाची पडेल हे आधी कळायला मार्ग नाही. टरबूज, खरबूज बी काढून खुशाल द्या. आंब्याचा गर चालतो, पण कोय कचऱ्याच्या बंद डब्यात टाका. आतड्यात अडकलेली कोय काढायला पोट उघडावं लागतं.

आता गुढी. तुमची मांजरी ती पहिल्यांदा बघणार, म्हणजे चढायचा प्रयत्न होणारच. काठी वरून आणि खालून दोन्हीकडे घट्ट बांधा. आंब्याचा डहाळा, कडुलिंबाचा पाला आणि झेंडूची फुलं यांची चिंता करू नका. चिंता आहे ती गाठीच्या दोऱ्याची. साखरेच्या गाठी लेकरं गळ्यात घालतात, निम्मी खाऊन दोरा तसाच टाकतात, आणि गोड लागलेला दोरा मांजर गिळत जातं. दोऱ्याचं एक टोक जिभेखाली किंवा पोटात अडकतं, दुसरं पुढे सरकतं, आतडं त्यावर चुण्या पडल्यासारखं गोळा होतं आणि कापलं जातं. मांजराच्या तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, कापूही नका. तशीच उचलून डॉक्टरांकडे न्या. गुढी उतरवली की सगळे दोरे मोजून बांधून ठेवायचे, एवढी एक सवय घरातल्या मोठ्यांनी लावून घ्यावी.

कुंड्यांमध्ये मोगरा, गुलाब, झेंडू, तुळस निर्धास्त लावा. कण्हेर, बिट्टी, अडेनियम, घाणेरी, सायकस या घरात नकोत. पहिल्या तिघांचं विष थेट हृदयावर जातं. मनीप्लांट चावला तर तोंडाची आग होते, तो उंच टांगा. गुच्छातली मोठ्या पाकळ्यांची सुवासिक लिली मांजरासाठी फार वाईट. पान, परागकण, फुलदाणीतलं पाणीसुद्धा किडनी निकामी करतं. पाहुण्यांनी गुच्छ आणला तर लिली काढून बाजूला टाका, रागावले तरी चालतील. निशिगंधाला हे लागू नाही.

वर्षाचं धान्य भरण्याबद्दल मला सगळ्यांशी बोलायचं आहे, फक्त ताईंशी नाही. गहू-ज्वारीत टाकायला ज्या राखाडी गोळ्या मिळतात त्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या. हवेतल्या ओलाव्यानं त्यातून फॉस्फिन वायू सुटतो. त्यावर उतारा नाही. कुत्रं, मांजर, माणूस, बंद खोलीत कुणाचाही जीव जाऊ शकतो. घरगुती वापरासाठी त्या गोळ्या नाहीतच. धान्याला दोन-तीन दिवस कडक ऊन द्या, पूर्ण गार होऊ द्या, सुकवलेला कडुलिंबाचा पाला घाला आणि घट्ट झाकणाच्या कोठीत भरा. आपल्या आज्या हेच करत होत्या आणि त्यात धान्य टिकत होतं. धान्यामागे उंदीर येतात आणि उंदरांमागे औषधाच्या वड्या. त्याऐवजी पिंजरा लावा. विष खाऊन मेलेला उंदीर खाल्ल्यानंही मांजराला बाधा होऊ शकते.

साफसफाईत फिनाईल वापरत असाल तर फरशी पूर्ण सुकेपर्यंत मांजरीला आत सोडू नका. पायाला लागलेलं ती चाटते आणि फिनॉल मांजराला पचत नाही. साबणाच्या पाण्यानं पुसलं तरी घर स्वच्छ होतं. तसंच ताप आला म्हणून घरातली पॅरासिटामॉल मांजरीला देऊ नका. अर्ध्या गोळीनंही तिचा जीव जाऊ शकतो. कुत्र्यालाही आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक देऊ नका.

दिवस मोठे होऊ लागले की मांजरी माजावर येतात. रात्रभर ओरडणं, लोळणं, पाठ खाली दाबून मागचा भाग उचलणं याला लोक पोटदुखी समजतात. तुमची मांजरी बाहेर जात असेल आणि नसबंदी झालेली नसेल तर आत्ताच करून घ्या. साधारण 63–65 दिवसांत पिल्लं होतात, म्हणजे आज गाभण राहिलेली मांजरी ऐन वैशाखात विते, आणि त्या उन्हात रस्त्यावरची पिल्लं फार थोडी जगतात. कुत्र्याच्या रेबीज आणि इतर लसींचं कार्डही याच भेटीत दाखवा. पिल्लाचे पुढचे डोस राहून गेलेले बऱ्याचदा असंच लक्षात येतं.

वावरात फिरवून आणलं तर बोटांच्या बेचक्या आणि कान बघा. वाळलेल्या गवताचं कुसळ एकाच दिशेनं आत घुसतं, मागे येत नाही. कुत्रं एका बाजूला मान वाकडी करून डोकं झटकत असेल तर कानात कुसळ आहे असं समजा आणि कापसाची काडी घालू नका. ऊन वाढलं की साप पाण्याच्या आणि उंदरांच्या मागे घराजवळ येतात. चावा झाला तर बांधू नका, कापू नका, चालवू नका, उचलून न्या. सापाचं विषरोधक इंजेक्शन कुत्र्यांनाही देता येतं.

विषबाधेत एक चूक वारंवार होते: मिठाचं पाणी पाजून उलटी करवणं. त्या मिठानंच प्राणी दगावू शकतो. ॲसिड किंवा रॉकेल पोटात गेलं असेल तर उलटीनं अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते किंवा ते फुप्फुसात जातं. काय खाल्लं त्याचं पाकीट, झाडाची फांदी किंवा उलटीचा नमुना पिशवीत घाला आणि निघा.

निघायचं कुठे, हे आजच ठरवून ठेवा. लातूरमधल्या तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारा की रात्री नऊनंतर आणि पाडव्याच्या सुट्टीत ते असतात का, नसतील तर कुणाकडे पाठवतात. तुमच्याच जिल्ह्यात उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, परभणीलाही आहे. दोन्हीकडे रुग्णालय आहे आणि रक्ततपासणी होते. 1962 हा शासनाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल फ्री क्रमांक आहे. तो मुख्यतः गुरांसाठी असला तरी जवळच्या दवाखान्याची माहिती तिथे मिळू शकते. निघण्याआधी फोन करा आणि कुत्र्याचं वजन सांगा, म्हणजे तुम्ही पोचेपर्यंत औषधाचा डोस काढून ठेवता येतो. वजन माहीत नसेल तर या आठवड्यात करून घ्या. घरच्या काट्यावर आधी स्वतः उभं राहायचं, मग कुत्र्याला उचलून घेऊन, आणि दोन आकड्यांतला फरक लसीच्या कार्डावर तारखेसकट लिहून ठेवायचा.